सरासरीचा आकडा नको, रेषेच्या वर किती ते दाखवा

मंडळी, सरावली-बोईसरमध्ये प्रदूषणावर बोलणं म्हणजे रोजचंच. पण आज वासाबद्दल नाही, आलेखाबद्दल लिहितोय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात पहिलं होतं. 70 च्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. म्हणजे रेषा ठरलेली आहे. सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही आहे: सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत. तेच पाणी पुढे नवापूरच्या समुद्रात जातं आणि मच्छीमारांच्या जाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली ती उगाच नाही.

आता गंमत बघा. समजा महिन्यात 26 दिवस आकडा 200 आला आणि 4 दिवस 500. सरासरी निघते 240. कागदावर सगळं नियमात! ते चार दिवस गेले कुठे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. रोजचा आलेख काढा, 250 वर आडवी रेषा मारा. रेषेच्या खालचा भाग निळा, वरचा नारिंगी. हिरवा-लाल नको, बऱ्याच पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही. आणि नारिंगी रंग फक्त रेषा आणि आलेख यांच्यामधल्या जागेत भरा. शून्यापासून भरला तर कारखानदार म्हणतील, अतिशयोक्ती केली, आणि ते बरोबरच असेल.

एक बारीक गोष्ट, जी संगणकवाले हमखास विसरतात. मंगळवारी दुपारी 12 ला 200, बुधवारी दुपारी 12 ला 400. रंग बदलायचा कुठे? बुधवारच्या ठिपक्यावर नाही. दोन ठिपके सरळ जोडले तर 250 ची रेषा पाव अंतरावर, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी 6 ला ओलांडली जाते. तो छेदबिंदू आकड्यांमध्ये वेगळा घालावा लागतो, नाहीतर अठरा तासांचा नारिंगी भाग निळा होऊन जातो. अर्थात हा अंदाजच, म्हणून नोंदी तासागणिक हव्यात.

आणि यंत्र बंद असेल तेव्हा? तिथे राखाडी पट्टा. शून्य लिहून निळा रंग फासायचा नाही. मला तर नारिंगीपेक्षा या राखाडी पट्ट्यांबद्दल जास्त उत्सुकता आहे, विशेषतः रात्रीच्या आणि भर पावसातल्या.

हवेचंही असंच करता येईल. पीएम 2.5 ची आपली 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. दोन्ही रेषा मारा, लोकांना कळू दे.

असा आलेख दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडतोय. सरावलीकरांनो, अनुमोदनाला या. नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मंडळींनीही आपापल्या ग्रामसभेत हाच विषय घ्यावा. मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.