कुंपणापाशी राहणाऱ्यांचे ऐका

गाझाच्या सीमेजवळील बेएरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) राहणाऱ्या व्हिव्हियन सिल्व्हर यांची ‘विमेन वेज पीस’ ही संघटना आणि पॅलेस्टिनी महिलांची ‘विमेन ऑफ द सन’ यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राच्या काठी एकत्र मेळावा भरवला. दोन्हीकडच्या आयांनी आपापल्या नेत्यांना वाटाघाटींना बसा असे बजावले. तिसऱ्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, हमासच्या हल्लेखोरांनी सिल्व्हर यांना राहत्या घरी ठार मारले. त्या ७४ वर्षांच्या होत्या. त्यांना ओलीस नेले असावे, या आशेवर कुटुंबाने पाच आठवडे काढले. मग अवशेषांची ओळख पटली.

तेव्हापासून इस्रायलमधील शांततावाद्यांना एकच प्रश्न विचारला जातो: एवढे करून तुमच्या पदरात काय पडले? प्रश्न दुःखातून आला आहे, त्यामुळे तो झटकून टाकता येणार नाही. पण त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. ही माणसे भाबडी होती, असे मानणे म्हणजे त्यांचे काम न पाहताच निकाल देणे होय.

ते काम काय होते? युवाल रोथ यांच्या भावाला १९९३ मध्ये हमासने पळवून मारले. पुढे याच रोथ यांनी ‘रोड टू रिकव्हरी’ ही संस्था उभी केली. तिचे स्वयंसेवक पहाटे स्वतःची गाडी घेऊन गाझाच्या सीमेवरील एरेझच्या नाक्यावर जात. गाझातून परवाना घेऊन आलेले कर्करोग झालेले किंवा डायलिसिसवर असलेले मूल आणि सोबतची आई किंवा आजी मागच्या सीटवर बसत. गाडी तेल अवीवजवळच्या रुग्णालयाकडे निघे. भाषा बहुतेक वेळा एकमेकांना येत नसे. संध्याकाळी दुसरा कोणी त्यांना परत नाक्यावर सोडी. सिल्व्हर हे करत. नीर ओझ किबुत्झचे ज्येष्ठ पत्रकार ओदेद लिफशित्झही करत. ८३ व्या वर्षी, त्याच ७ ऑक्टोबरला, त्यांना घरातून पळवून नेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह परत आला. ज्यांनी गाझातील मुलांना दवाखान्यात पोहोचवले, त्यांच्यावरच हमासने हात उचलला. या अपराधाचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या नावाने करता येणार नाही.

स्देरोत शहर गाझापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. २००१ पासून तेथे गाझातून रॉकेटे पडत आली. भोंगा वाजल्यापासून आडोशाला जायला पंधरा सेकंद मिळतात. अशा शहरातील आणि आसपासच्या वस्त्यांतील काही रहिवाशांनी २००८ मध्ये ‘अदर व्हॉइस’ हा गट काढला आणि गाझातील लोकांशी फोनवर बोलणे चालू ठेवले. त्याच डिसेंबरात सुरू झालेल्या गाझा युद्धात या गटातील नोमिका झिऑन यांनी, हे युद्ध माझ्या नावाने नको, असे जाहीरपणे लिहिले. ज्याचे जळते त्याला कळते. दूर बसून बदल्याची भाषा करणे सोपे असते.

हे लोक थोडेच होते, हेही सांगितले पाहिजे. स्देरोतचे बहुसंख्य मतदार उजव्या पक्षांच्या बाजूने राहिले. शांततेची चळवळ प्रामुख्याने सुखवस्तू, युरोपीय वंशाच्या इस्रायलींची राहिली आणि मोरोक्को वा सोव्हिएत भूमीतून आलेल्या कष्टकऱ्यांपर्यंत पुरेशी पोहोचली नाही. ही तिची खरी उणीव. ७ ऑक्टोबरनंतर तर जुन्या कार्यकर्त्यांपैकीही काहींचा विश्वास उडाला. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही मांडावी लागेल. २००७ पासून इस्रायली सरकारने गाझाची नाकेबंदी, कुंपण आणि दर काही वर्षांनी युद्ध हाच मार्ग धरला. त्याच मार्गाच्या शेवटी एका दिवसात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात ६० हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत हजारो मुले. फसले ते कुंपणाचे धोरण. सिल्व्हर यांचे म्हणणे सरकारने अमलात आणून पाहिलेच नाही. त्यांचे पुत्र योनातान झायगेन नोकरी सोडून या कामात उतरले आहेत. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात नेतिव हआसारा येथे आई-वडील गमावलेले माओझ इनॉन पॅलेस्टिनी मित्र अझीझ अबू सारा यांच्यासोबत गावोगावी आणि देशोदेशी बोलत आहेत. अबू सारा यांचा थोरला भाऊ इस्रायली कोठडीतून सुटल्यावर तेथील जखमांनी मरण पावला होता. या दोघांना भाबडे कोण म्हणेल?

महाराष्ट्राचा या भूमीशी जिव्हाळ्याचा धागा आहे. कोकणातून गेलेले बेने इस्रायली अश्दोद, बेर्शेबा, दिमोना येथे राहतात, आणि घरात मराठी बोलणारी त्यांची जुनी पिढी तेथे आजही आहे. त्यांच्याही डोक्यावरून रॉकेटे गेली आहेत. भारताने पॅलेस्टाईनला १९८८ मध्ये मान्यता दिली आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जोडले. दोन्ही दारे ज्या देशाला खुली आहेत, त्याने केवळ गाझातील शस्त्रसंधीचे स्वागत करून थांबू नये. ७ ऑक्टोबरला एरेझवरून जाणारी रुग्णांची वाट बंद झाली. गाझातील आजारी मुलांना पूर्व जेरुसलेम, वेस्ट बँक आणि इस्रायलमधील रुग्णालयांत पुन्हा नेता यावे, हा आग्रह नवी दिल्लीने इस्रायल सरकारकडे उघडपणे धरावा. त्यांना घेऊन जायला तयार असलेले इस्रायली चालक आजही वेस्ट बँकेच्या नाक्यांवरून पॅलेस्टिनी रुग्णांना नेत आहेत.