देवराईतील वठलेली झाडे व पक्षी

देवराईतील वठलेले झाड निरुपयोगी होय, अशी समजूत गावोगावी दृढ आहे. सभामंडपाचे काम निघाले की पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. शेतीने वेढलेल्या लहानशा रानात किती जातींचे पक्षी टिकतील, हे जसे क्षेत्रावर तसेच जुन्या ढोल्यांवरही अवलंबून असते. तांबट वाळकी फांदी स्वतः कोरतो. धनेशास एवढी मोठी चोच असूनही ते साधत नाही. त्याची मादी जुनाट वृक्षाच्या ढोलीत स्वतःस लिंपून घेते व नर फटीतून तिला फळे भरवितो. असा वृक्ष तोडला की धनेश जातो आणि त्याच्याकरवी होणारी बीजपेरणीही थांबते.

माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला, तो घनदाट रायांविषयी होता. नागापुरासारख्या कमी पावसाच्या गावी तशी राई नाही. तथापि जुन्या वडाची वा कडुलिंबाची ढोली पिंगळ्यास पुरते, आणि पिंगळा शेतातील उंदीर व किडे खातो. रोपे लावून ही हानी लवकर भरून येत नाही. ढोली पडण्यास कित्येक दशके लागतात. वाटेवर लोंबणारी धोक्याची फांदी अवश्य छाटावी, खोड मात्र उभे ठेवावे.