विक्रीला नियम हवेत, सोवळे नको

पाठ-मान रगडणारी मसाजर यंत्रे कस्टमने अडवली. का, तर त्यांचा भलताच, म्हणजे लैंगिक सुखासाठी, उपयोग होऊ शकतो. आधार घेतला १९६४ सालच्या अधिसूचनेचा. अश्लील पुस्तके, चित्रे आणि वस्तू यांच्या आयातीला तिने मनाई केलेली आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमचे म्हणणे फेटाळले. हा भलता उपयोग म्हणजे कस्टम आयुक्तांची स्वतःची कल्पना, असा निकालाचा रोख होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची कस्टमने अश्लील म्हणून जप्त केलेली चित्रेही त्याच न्यायालयाला सोडवावी लागली. उद्या लाटण्याचा भलता उपयोग एखाद्या साहेबांना सुचला, तर पोळपाटासकट जप्ती यायची!

लैंगिक सुखाची साधने विकण्यावर सरकारने बंधन घालावे का, या वादाची आपल्याकडची अवस्था ही अशी आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या कलम २९२चाच नवा अवतार. कामुक वस्तू विकली, तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. घरात वापरणे मात्र गुन्हा नाही. म्हणजे घेणारा निर्दोष आणि देणारा आरोपी!

बंदीवाल्यांचा पहिला मुद्दा संस्कृतीचा. पण याच कलमाने प्राचीन मंदिरांतली शिल्पे आणि देवाच्या रथांवरचे कोरीवकाम अपवाद म्हणून वगळले आहे. संस्कृतीत काय काय आहे, हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. आणि संस्कृतीच्या नावाने महाराष्ट्राने कोणाला छळले, ते आठवा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा झालीच. पुढे १९६८ साली सरकारनेच ‘निरोध’ हा कंडोम बाजारात आणला आणि स्वतःच त्याच्या जाहिराती केल्या. ज्या विषयावर बोलल्याबद्दल कर्व्यांना दंड भरावा लागला, त्याची सरकारी योजना झाली. संस्कृती काही बुडाली नाही.

दुसरा मुद्दा मुलांचा. तो खरा आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी कलम २९५ वेगळे आहेच. मुलाला अशी वस्तू विकणाऱ्याला जास्त कडक शिक्षा आहे. ती अमलात आणा. मुलांच्या नावाखाली चाळिशीच्या बाईला अज्ञान ठरवायचे कारण नाही.

तिसरा मुद्दा स्त्रियांवरच्या अत्याचाराचा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अश्लील चित्रफितीत माणसे असतात. त्यांचे वय, त्यांची संमती, त्यांची पिळवणूक हे प्रश्न गंभीर आहेत आणि तिथे सरकारने कठोरच व्हावे. सिलिकॉनच्या तुकड्याची पिळवणूक होत नाही. बंद दाराआड एकट्या माणसाने ते वापरले, तर फिर्याद कोणाची?

सरकारला इथे कामच नाही, असेही मी म्हणत नाही. काम भरपूर आहे, ते कोणी करत नाही एवढेच. निरोधच्या रबराची जाडी, मजबुती आणि गळती यांचे निकष औषध कायद्याखालच्या ‘परिशिष्ट आर’मध्ये ठरवून दिलेले आहेत. शरीरात जाणाऱ्या या साधनांनाही तसेच निकष का नकोत? २०२१ साली ‘आयएसओ ३५३३’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. आपल्याकडे मात्र गल्ल्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला माल निघतो. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही, प्लास्टिक कसले ते लिहिलेले नाही, बिल मागायची सोय नाही. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट घातले आहे की नाही, हे दुकानदारालाही माहीत नसते. ऑनलाइन तोच माल ‘पर्सनल मसाजर’ या नावाने येतो. पुरळ उठले, बॅटरी तापून चटका बसला, तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाईल? चार लोकांत वस्तूचे नाव घ्यायचीच चोरी. बंदीचा धाक असा नेमका खराब माल विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो आणि नावानिशी धंदा करू पाहणारा कस्टमकडे खेटे घालत बसतो.

म्हणून विक्रीवर बंधने घालाच. अठराच्या आतल्याला विक्री नाही, शाळेजवळच्या दुकानात मांडणी नाही, खोके साधे आणि बंद. त्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि घटक छापलेले, बिल सक्तीचे. औषधाच्या दुकानाला परवाना लागतो तसा इथेही लावा. आणि त्याआधी १९६४ची ती अधिसूचना आणि कलम २९४ या दोन्हींतून प्रौढांच्या खासगी वापराच्या वस्तू स्पष्ट शब्दांत वगळा. तेवढे दिल्लीने केले, तर न्यायालयांचा मसाजर तपासण्यात जाणारा वेळ तरी वाचेल.