फुल शर्टामागचं गुपित

मे महिन्यात, लोकलच्या घामट गर्दीतही मी फुल शर्टात! ऑफिसात माझं नाव पडलं ‘साहेब’. खरं कारण कोपरांवर होतं. सोरायसिस. लाल चट्टे आणि काळ्या पँटवर सांडणारा पांढरा कोंडा. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, पण कँटीनमध्ये शेजारची खुर्ची रिकामीच राहायची.

मलमं झाली, मेथोट्रेक्सेट झालं. मग डॉक्टरांनी बायॉलॉजिक इंजेक्शन सुचवलं, सेक्युकिनुमॅब. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती उगाच पेटून उठते. हे औषध तिचा ‘आयएल-१७ए’ नावाचा एकच निरोप्या अडवतं. आधी मात्र छातीचा एक्स-रे, टीबी आणि हिपॅटायटिसच्या टेस्ट. मी वैतागलो. दुखणं कातडीचं, फोटो छातीचा? पण अ‍ॅडॅलिमुमॅबसारख्या काही बायॉलॉजिक्समुळे शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. आणि टीबीचे जगात सर्वाधिक पेशंट भारतात आहेत, बॉस!

पाच आठवडे दर आठवड्याला डोस, मग महिन्यातून एकदा. चौथ्या महिन्यात कोपरं स्वच्छ. मी खूश! म्हटलं, बरे झालो, पैसे वाचवू. डॉक्टरांना न विचारता बंद केलं. काही महिन्यांत चट्टे हजर.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘हे औषध आजार आटोक्यात ठेवतं, मुळासकट उपटत नाही. चाचणीतले पेशंट निवडून घेतलेले असतात, त्यांच्या तारखा कुणीतरी सांभाळतं. तुझ्या तारखा तुलाच सांभाळायच्यात.’’

धोक्यांचंही तसंच. एफालिझुमॅब २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि मेंदूच्या दुर्मीळ संसर्गामुळे २००९ मध्ये बाजारातून गेलं. हे कळलं ते लोक ते वर्षानुवर्षं घेऊ लागल्यावर. ब्रिटनमध्ये तर २००७ पासून बायॉलॉजिक घेणाऱ्या सोरायसिसच्या पेशंटांची नोंदवही ठेवली जाते.

तेव्हा दोस्तहो, ताप किंवा खोकला रेंगाळला, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना गाठा. लस घेण्याआधी विचारा. खिशाला जड जात असेल तर तेही सांगा, लाजू नका. अ‍ॅडॅलिमुमॅबचं स्वस्त भारतीय बायोसिमिलर २०१४ पासून मिळतंय.

मी पुन्हा सुरू केलंय. दुसऱ्यांदा तेवढंच लागू पडेल याची गॅरंटी नव्हती. माझं नशीब चांगलं. गेल्या शुक्रवारी हाफ शर्ट घातला. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. यार, हेच तर हवं होतं!