बागेंतील मुके पाहुणे

उन्हाळ्याच्या सुटींत कुरुंदवाडची पुष्कळशी मंडळी मुंबईस आप्तेष्टांकडे जातात व मुलांना राणीची बाग दाखवून आणतात. मुलें परत येऊन वाघाचें व पेंग्विनाचें रसभरित वर्णन करितात. परंतु त्याच आवारांतील काळ्या घोड्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. म्हणून या महिन्यांत त्या घोड्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८७५ मध्यें इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढील सातवे एडवर्ड बादशहा, मुंबईस आले. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनीं त्यांचा अश्वारूढ पुतळा करवून शहरास अर्पण केला. १८७९ सालीं तो उभा राहिला. घोडा ब्राँझचा, दिसावयास काळा. त्यावरून तो चौकच ‘काळा घोडा’ झाला. स्वार विस्मृतींत गेला व वाहनाचें नांव टिकलें, हा लोकांचा न्याय मोठा मार्मिक होय! हा पुतळा घडविणारा शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. त्याचा जन्म १८३४ मध्यें व्हिएन्नांत झाला, पण घराणें मूळचें हंगेरींतलें. बाप पदकें कोरणारा नामांकित कलावंत. बोएम १८६२ मध्यें इंग्लंडांत स्थायिक झाला. व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या जुबिली नाण्यांवरील मुद्रा त्याच्याच हातची.

१९६५ मध्यें हा पुतळा चौकांतून हलवून १८६२ सालच्या या जुन्या बागेंत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, आणण्यांत आला. जेत्याची मूर्ति स्वतंत्र देशाच्या चौकांत नसावी, हें योग्यच झालें. ती वितळविली नाहीं, हेंही तितकेंच योग्य झालें. मूळ जागीं २०१७ मध्यें दुसरा काळा घोडा बसविला. त्यावर स्वार नाहीं.

योगायोग असा कीं, शिल्पकाराच्या पितृभूमीवरही हाच प्रसंग आला. १९५६ च्या उठावांत बुडापेस्टच्या लोकांनीं स्टालिनचा प्रचंड पुतळा पाडला; चौथऱ्यावर उरले ते केवळ बूट! पुढें साम्यवादी राजवट संपल्यावर बाकीच्या पुतळ्यांचें काय करावें हा प्रश्न पडला, तेव्हां १९९३ सालीं शहराच्या कडेला उघड्यावर एक उद्यान करून त्यांत चाळीसांवर पुतळे मांडण्यांत आले. पूजाही नाहीं आणि भंगही नाहीं. पाहावें व समजून घ्यावें, एवढाच हेतु.

परंतु समजावून सांगणारा हवा ना? भासाच्या ‘प्रतिमानाटकां’त आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरील प्रतिमागृहांत शिरतो. तेथील देवकुलिक एकेका पूर्वजाची ओळख करून देतो, आणि शेवटच्या मूर्तीपाशीं भरतास कळतें कीं आपले तात आतां नाहींत. देवकुलिक नसता तर ते सारे निव्वळ दगडच राहिले असते.

आमच्या घरांतूनही असे मुके पाहुणे आहेत. कुरुंदवाडचें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें; परंतु जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर संस्थानी सनदा, तसबिरी, क्वचित् १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचें बादशाही पदक अजून सांपडतें. नातू विचारतो, “आजोबा, हें आपल्याकडे कसें?” तेव्हां वडीलधाऱ्यांस संकोच वाटतो, आणि वाडा उतरवितांना ती वस्तु मोडीच्या टोपलींत जाते. आमच्या मतें हा संकोच अनाठायीं आहे. पणजोबांनीं पोटासाठीं चाकरी केली, सरकारास मुजराही केला, हें सांगावें. त्याच पिढींतला कोणी १९४२ सालीं तुरुंगांत गेला असल्यास तेंही सांगावें. गौरवाचें तेवढें ठेवून लाजेचें लपविलें, तर मुलांच्या हातीं खोटी वंशावळ येते.

एकत्र कुटुंबांत आजोबा-आजी हेच देवकुलिक होत. ज्यांस त्या वस्तूंची ओळख आहे, त्यांनीं ती या महिन्यांतच एका वहींत उतरवावी व खालीं तारीख घालावी. पुतळे थांबतात, माणसें थांबत नाहींत.