ताट तिच्यासमोर आहे, पण जेवण?

टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या घरी आम्ही गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, तुम्हीच सांगा हिला, काही खातच नाही." ती बाई मात्र कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. आमचं म्हणणं स्पष्ट आहे, तिला बोल लावणं आधी थांबवा. टीबीत भूक मरते, सुरुवातीला गोळ्यांनी मळमळतंही. हा हट्ट नव्हे, आजार आहे.

पण वजन वाढायलाच हवं. झारखंडमध्ये रुग्णांना औषधासोबत शिधा देऊन केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या बाईला ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो!

त्यासाठी भरलेलं ताट पुढे सारू नका, ते बघूनच तिची इच्छा जाते. दर दोन तासांनी थोडं द्या. उकडलेलं अंडं, दुधात कुस्करलेली भाकरी, घट्ट वरण-भातावर चमचाभर तेल, शेंगदाणा-गुळाचा लाडू (साखरेचा आजार असेल तर गूळ नको). जेवणाआधी तांब्याभर पाणी नको, मधल्या वेळेत पेज, ताक, पाणी घोट घोट. आपल्या वस्त्यांत दिवस चहा-खारीवर निघतो, त्यानेही भूक मरते. लघवी केशरी झाली तर घाबरून गोळ्या बंद करू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंडी परवडत नाहीत म्हणता, खरं आहे. २०१५ च्या कायद्याने बैलाचं मांस बंद झालं आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रोटीन गेलं, हे आम्ही विसरलेलो नाही. निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. बँक खातं जोडलंय का, ते पहिल्याच आठवड्यात बघा.

येरवड्यातल्या एका घरी त्या पैशांची अंडी आली. मुलांनी खाल्ली, नवऱ्याने खाल्ली, ती नेहमीसारखी शेवटी बसली आणि तिच्या वाट्याला रस्सा आला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, रीतच तशी. आम्ही सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, सहा महिने हिला आधी वाढा." त्या गप्प राहिल्या. पुढच्या भेटीला आम्ही वजनकाटा घेऊन जाणार आहोत.