काटा वर गेला तर थांबायचं, हे ड्रायव्हरला कोणी सांगितलंय का?



मागच्या व्हिडिओत आपण जुना टेम्पो घेऊन मालवाहतूक सुरू करण्याचा हिशोब मांडला होता. त्यावर मावळातल्या एका पोराचा फोन आला. त्याने सेकंडहँड डिझेल पिकअप घेतलेली. इकडून भाजी आणि फुलं भरून वाशी-दादरला उतरायचं, येताना पनवेलहून टाइल्स किंवा किराणा घेऊन वर यायचं. धंदा बरा चालला होता. तिसऱ्या महिन्यात खोपोलीच्या वर, ऐन घाटात, बॉनेटमधून वाफ आली. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, गाडी अकरा दिवस गॅरेजला. तेवढ्यात दोन कायमची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली.

मी विचारलं, "टेम्परेचरचा मीटर काय दाखवत होता?"

"सर, तो बंदच आहे. गाडी घेतली तेव्हापासून."

आणि त्याच गाडीत नवी म्युझिक सिस्टिम होती, पुढे एलईडीची पट्टी होती. म्हणून आज जरा स्पष्ट बोलतो. जुनी डिझेल गाडी घेऊन धंद्यात उतरत असाल, तर नावाचा बोर्ड रंगवायच्या आधी आकडे दाखवणारा टेम्परेचर मीटर बसवा. आणि मीटरइतकंच महत्त्वाचं दुसरं एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

घाट कोणाला सोडत नाही

बोरघाटात 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली. तिथे चढ 37 ला 1 आहे. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, तेव्हा ती लोणावळ्याला पोचते. रेल्वेला जिथे मागून ढकलायला लागतं, तिथे आपण पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ओव्हरलोड माल भरून एकट्या इंजिनावर चढतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. शिंग्रोबाच्या देवळासमोर नाणं टाकून जाणं ही श्रद्धा, ती जरूर ठेवा. पण रेडिएटरचं काम रेडिएटरनेच करायचं असतं.

चढावर नेमकं काय होतं? इंजिन पूर्ण ताकद लावतं, म्हणजे उष्णता जास्त. गाडीचा वेग मात्र कमी, म्हणजे रेडिएटरमधून जाणारा वारा कमी. त्यात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी. गाडी इंचाइंचाने सरकते आणि जुना रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर पाणी तापतच जातं. मग ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, आणखी रेटलं तर इंजिन जाम.

कुठला मीटर, कुठे बसवायचा

दोन प्रकार मिळतात. पहिला मेकॅनिकल. त्यात बल्बपासून मीटरपर्यंत एक बारीक नळी असते. वीज लागत नाही, बॅटरी उतरली तरी काटा चालतो. पण ती नळी कापायची नाही, मोडून वाकवायची नाही, सायलेन्सरच्या पाइपाजवळून न्यायची नाही. दुसरा इलेक्ट्रिक. तो बसवायला सोपा, पण सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे हवेत. एका कंपनीचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा हलतो, पण खोटं बोलतो. गाडी 12 व्होल्टची आहे की 24, तेही बघून घ्या.

आता जागा. सेन्सर इंजिनच्या बाजूला हवा, म्हणजे हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या आधी. गॅरेजवाला कधी कधी वरच्या होजमध्ये जोड टाकून सेन्सर बसवून देतो, कारण ते पटकन होतं. पण ती जागा थर्मोस्टॅटच्या पुढे आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळत असताना होजमध्ये गरम पाणी पोचतच नाही आणि काटा आरामात खाली बसलेला दिसतो. खालच्या होजमध्ये तर बसवूच नका, तिथे रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी असतं.

इलेक्ट्रिक सेन्सरला बहुतेक वेळा इंजिनच्या बॉडीतून अर्थिंग मिळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळले तर अर्थिंग बिघडतं आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. काम इंजिन पूर्ण गार असतानाच करून घ्या.

बसवायच्या आधी घरीच परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी उकळा आणि त्यात बल्ब बुडवा. इलेक्ट्रिक असेल तर मीटर बॅटरीला जोडून आणि सेन्सरच्या बॉडीला निगेटिव्हची वायर देऊन बघा. लोणावळ्याच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. काटा तिथे आसपास आला तर मीटर खरा. 80 दाखवत असेल तर दुकानदाराला परत करा.

"वासावरून कळतं की!"

जुने ड्रायव्हर असं म्हणतात. त्यांच्या अनुभवाला माझा नमस्कार. पण कूलंटचा वास येतो तेव्हा ते बाहेर पडलेलं असतं. वास म्हणजे झाल्यावरची बातमी. मीटर आधी सांगतो.

दुसरा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणारच नाही." माझा याला विरोध आहे. सपाटीवर मग इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त खातं आणि झिजतंही लवकर. चोंदलेला रेडिएटर मात्र तसाच राहतो. मीटर असेल तर हेही दिसतं. वडगाव ते कामशेत गाडी चालवूनसुद्धा काटा साठीच्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट आहे का ते विचारा.

मीटरची एक मर्यादाही सांगतो. सगळं पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा घाटात अचानक पडला तर खूश होऊ नका, इंजिन बंद करा. रोज सकाळी गार इंजिनात पाणी बघायची सवय मीटर आल्यावरही सोडायची नाही.

हिशोब

उदाहरणासाठी धरा, मीटर आणि मजुरी मिळून अडीच हजार. आता तुमच्या मेकॅनिकला विचारा: हेड उतरवणं, फेसिंग, गॅस्केट, ऑइल, मजुरी, किती? त्यात घाटातून टोइंग मिळवा. दहा दिवसांची बुडालेली भाडी मिळवा. हप्ता तर थांबत नाही. आणि वाटेत सुकलेल्या फुलांचे पैसे कोण भरणार? कागदावर दोन्ही आकडे शेजारी लिहा, मला पुढे काही बोलावं लागणार नाही.

आता ते दुसरं काम

त्या पोराने शेवटी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. त्या दिवशी गाडी तो स्वतः चालवत नव्हता, ड्रायव्हर होता. गाडी ओढत नाही हे ड्रायव्हरला अर्धा घाट आधीच जाणवलं होतं. पण "उशीर झाला तर मालक बोलेल" म्हणून तो रेटत राहिला.

मीटर चालू असता तरी तो थांबला असता का? मला नाही वाटत. उशिरासाठी ओरडा खाल्लेला माणूस काट्याकडे बघतो आणि तरी ॲक्सिलरेटर दाबतो. ही चूक मी मालकाची धरतो.

म्हणून नियम मालकाने ठरवायचा आणि मीटरखाली चिकटवायचा. आधी आठवडाभर सपाटीचा आणि घाटाचा आकडा वहीत लिहा. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा तोच. कंपनीच्या पुस्तकातली कमाल मर्यादा बघा. मग ड्रायव्हरला सांगा: नेहमीच्यापेक्षा दहा अंश वर गेला तर खालचा गिअर, वेग कमी. मर्यादेजवळ गेला तर सुरक्षित जागा बघून बाजूला घे. पाणी असेल तर इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेव, पाणी गेलं असेल तर लगेच बंद कर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. आणि शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा: "थांबलास तर मी बोलणार नाही. गिऱ्हाइकाला फोन मी करीन."

हे वाक्य फुकट आहे, पण ते पाळायला मालकाला जड जातं. पहिल्यांदा ड्रायव्हर खरंच थांबेल आणि माल दोन तास उशिरा पोचेल, तेव्हा तुम्ही त्याच्याशी कसं बोलता यावर पुढच्या वेळी इंजिन वाचणार की नाही ते ठरेल.

तुमच्या गाडीचा मीटर चालू आहे का? आज संध्याकाळी चावी फिरवून बघा आणि खाली कमेंटमध्ये खरं खरं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.